पासष्टी ओलांडलेल्या बाईने जायचे कुठे? – नव्या नगरसेवकांना आणि सर्व पक्षांच्या शहराध्यक्षांना खुले पत्र

सन्माननीय नगराध्यक्ष, सर्व नगरसेवक-नगरसेविका आणि सर्व पक्षांचे शहराध्यक्ष यांस,

सप्रेम नमस्कार.

निवडून आलेल्या सगळ्यांचे मनापासून अभिनंदन. राज्यातल्या २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींच्या निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये लागल्या, त्यात आपलेही शहर होते. त्याआधी काही वर्षे इथला कारभार प्रशासकाच्या सहीवर चालला. नालीवरचा ढापा फुटला तर सांगायचे कोणाला, हेच लोकांना कळत नव्हते. आता प्रत्येक प्रभागात हक्काने दार वाजवता येईल अशी माणसे आहेत, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

मी एसटीतून निवृत्त झालो. वाहक म्हणून लागलो, वाहतूक नियंत्रक म्हणून बाहेर पडलो. निवृत्तीनंतर तहसील कचेरीच्या बाहेर म्हाताऱ्या माणसांचे अर्ज भरून देतो. पैसे घेत नाही, आणि कोणत्याही पक्षाचा सभासद नाही. प्रचारात तुम्ही सगळे आमच्या गल्लीत आलात. रस्ता, नळ, घरकुल यांवर बोललात. लाडकी बहीण योजनेचा उल्लेख तर एकाही सभेत राहिला नाही. पण त्या बहिणीला पासष्ट वर्षे पूर्ण झाली की तिचे काय होते, याबद्दल मी एकाही पक्षाच्या उमेदवाराकडून काही ऐकले नाही. मला त्याबद्दलच बोलायचे आहे.

आमच्या गल्लीत एक बाई राहतात. नवरा मोंढ्यात हमाली करायचा, तो वारला. मुलगा गॅरेजवर कामाला आहे, महिन्याला आठ हजारांच्या आसपास आणतो. सून ब्लाऊज शिवते. नातवंडे शाळेत आहेत. घर दोन खोल्यांचे, वर टिनपत्रे. जुलै २०२४ पासून या बाईंना महिन्याला १,५०० रुपये यायचे. बीपीच्या गोळ्या, चष्म्याची काच, नातीची वही, असा तो पैसा जायचा. आणि मुख्य म्हणजे सुनेसमोर हात पसरावा लागत नव्हता. मग आधारवरच्या जन्मतारखेप्रमाणे त्यांना पासष्ट पूर्ण झाली आणि पैसे थांबले. ही जन्मतारीख १ जानेवारी आहे. त्यांच्या पिढीतल्या कितीतरी जणांची तीच आहे, कारण खरी तारीख कोणालाच ठाऊक नव्हती आणि आधार काढणाऱ्याने अंदाजे वर्ष टाकून वर १ जानेवारी लिहिली.

लाडकी बहीण योजना २१ ते ६५ वयाची आहे, हे नियमातच आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनी अपात्र ठरलेल्या महिलांची जी माहिती दिली, त्यात पासष्टी ओलांडलेल्या १ लाख १० हजार महिला होत्या. नियम आहे, मान्य. पासष्टनंतर 'श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना' आहे, तीही दीड हजारांचीच. म्हणजे कागदावर बघाल तर एक योजना संपते तिथे दुसरी सुरू होते.

प्रत्यक्षात सुरू होत नाही. लाडकी बहीणसाठी कुटुंबाची वार्षिक उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये आहे. श्रावणबाळसाठी, दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर, ती आहे २१,००० रुपये. वर्षाला एकवीस हजार. महिन्याला १,७५० रुपये, आणि तेही एकट्या म्हातारीचे नव्हे, सगळ्या घराचे. पासष्टव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी ज्या घराला सरकार गरीब मानत होते, त्याच घराला दुसऱ्या दिवशी ते मदतीची गरज नसलेले ठरवते. घरात त्या एका दिवसात काहीही बदललेले नसते.

हा आकडा किती जुनाट झाला आहे ते बघा. २०२५-२६ मध्ये रोजगार हमीची मजुरी आपल्या राज्यात दिवसाला ३१२ रुपये होती. शेजारच्या खेड्यातल्या एखाद्या कुटुंबाने त्या वर्षी १०० दिवस काम केले असेल तर त्याचे ३१,२०० रुपये झाले. म्हणजे सरकारनेच दिलेले काम सरकारनेच ठरवलेल्या मजुरीवर केले, तरी त्या घरातली म्हातारी श्रावणबाळमधून बाद. लाडकी बहीणचे वर्षाचे पैसेच १८,००० होतात. आणि मुख्यमंत्री वयोश्री योजना बघा. ज्येष्ठांना चष्मा, काठी, कानाचे यंत्र यांसाठी ३,००० रुपये एकदाच मिळतात. तिथेही वय पासष्टच्या पुढचे, तिथेही हेच राज्य सरकार, पण उत्पन्नमर्यादा दोन लाख! काठी घ्यायला जो माणूस गरीब आहे, तो जेवायला गरीब का नाही? या प्रश्नाचे उत्तर मला कोणत्याही टेबलावर मिळाले नाही.

कोणी म्हणेल, हा मुंबईचा विषय, नगरपरिषदेला त्यात काय करता येणार? तुम्हा सगळ्यांशी मला इथेच मोकळेपणाने बोलायचे आहे.

एकवीस हजारांच्या मर्यादेत प्रामाणिकपणे बसणारे घर आपल्या शहरात शोधून सापडणार नाही. अगदी कचरा वेचणाऱ्याचेही नाही. तरीही योजनेचे लाभार्थी आहेत, आणि त्यांतले बहुतेक खरोखरच गरजू आहेत. मग ते बसले कसे? 'एकवीस हजारांचा दाखला' काढून. हा शब्दप्रयोग तुम्हाला माझ्याइतकाच परिचयाचा आहे. सेतूत अर्ज द्यायचा, तलाठ्याचा अहवाल घ्यायचा, आणि दाखल्यावर उत्पन्न वीस हजार किंवा एकवीस हजार असे यावे यासाठी कोणाचा तरी शब्द लागतो. तो शब्द टाकणारा माणूस कोणत्या ना कोणत्या पक्षाचा असतो. ज्याची ओळख आहे त्याला दाखला मिळतो. ज्याची नाही, तो खरे उत्पन्न सांगतो आणि घरी जातो. आमच्या गल्लीतल्या बाईंनी खरे सांगितले. मुलगा आठ हजार कमावतो, असे त्या सरळ बोलल्या. अर्ज तिथेच थांबला.

मी कार्यकर्त्यांना नावे ठेवत नाही. रात्री-अपरात्री रक्ताची बाटली मिळवून देणारे, मयताला खांदा देणारे कार्यकर्ते मी सगळ्या पक्षांत पाहिले आहेत. अर्ज घेऊन धावणारी पोरेही त्यांतलीच आहेत. पण जी गोष्ट म्हातारीला हक्काने मिळायला हवी ती उपकार म्हणून मिळू लागली, की तिच्या मतावर, तिच्या घरावर, तिच्या तोंडावर कुलूप बसते. 'भाऊंनी पगार चालू करून दिला, भाऊंना कसे बोलायचे?' हे वाक्य मी नालीच्या तक्रारीवर सही मागताना ऐकले आहे. तिच्याच दारातली नाली तुंबलेली होती.

संजय गांधी निराधार योजनेची तालुका समिती असते, श्रावणबाळचे अर्जही तिच्यासमोरच येतात. अध्यक्ष अशासकीय असतो, नेमणूक पालकमंत्र्यांकडून होते. म्हणजे समितीवर कोण बसणार हे सत्तेप्रमाणे ठरते. सरकार बदलले की समिती जाते, नवी यायला महिने लागतात, तोवर काम तहसीलदारांकडे. या बदलाबदलीत अर्ज पडून राहतात आणि अर्जदाराला कोणी सांगत नाही की पडून आहेत. तो हेलपाटे मारतो. सकाळच्या गाडीने गावावरून येतो, साहेब मीटिंगला गेलेत म्हणून दुपारच्या गाडीने परत जातो. ज्येष्ठांना ७५ च्या पुढे एसटी मोफत आहे आणि ६५ ते ७५ ला अर्धे तिकीट, त्यामुळे हेलपाट्याचा खर्च कमी झाला. हेलपाटा मात्र कमी झाला नाही.

तेव्हा माझी पहिली विनंती पक्षांच्या शहराध्यक्षांना आहे. तुमच्यापैकी ज्यांची सत्ता आहे त्यांनी पालकमंत्र्यांकडे आग्रह धरावा आणि ज्यांची नाही त्यांनी तहसीलदारांकडे: समितीची बैठक कधी आहे हे आठ दिवस आधी कचेरीच्या फलकावर लागावे. बैठकीनंतर मंजूर, नामंजूर आणि प्रलंबित अर्जांची प्रभागनिहाय यादी नगरपरिषदेच्या फलकावर लागावी, नामंजुरीचे कारण मराठीत एका ओळीत लिहून. एवढे झाले तरी निम्मे दलाल घरी बसतील. यात कोणत्याही पक्षाचे नुकसान नाही, कारण आज तुमची समिती असेल तर उद्या त्यांची असणार आहे.

दुसरी विनंती सभागृहाला. पहिल्याच सर्वसाधारण सभेत एकमताने ठराव करा: श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार या योजनांची उत्पन्नमर्यादा निदान वयोश्रीइतकी, म्हणजे दोन लाख करावी, आणि लाडकी बहीणमधून वयामुळे बाहेर पडणाऱ्या स्त्रीला नव्याने अर्ज करायला न लावता त्याच महिन्यापासून श्रावणबाळमध्ये घ्यावे. तिचे आधार, तिचे बँक खाते, तिच्या कुटुंबाची माहिती सगळे सरकारकडे आहे. वय झाले म्हणून पैसे आपोआप थांबवता येतात, तर आपोआप सुरूही करता येतील.

ठरावाने सरकार हलत नसते, हे मला कळते. पण एकट्या शहराचा ठराव आणि शंभर शहरांचे ठराव यांत फरक आहे. २८८ ठिकाणी नवी सभागृहे एकाच वेळी बसली आहेत, अशी वेळ पुन्हा पाच वर्षांनी येईल. दबाव आणला तर आकडे बदलतात, हेही आपण पाहिले आहे. दिव्यांगांचे अनुदान २०२५ मध्ये १,५०० वरून २,५०० झाले ते आंदोलने झाली म्हणून. म्हाताऱ्या विधवा रस्त्यावर उतरू शकत नाहीत. त्यांच्या वतीने उतरायला तुम्ही निवडून आला आहात.

महायुतीच्या मंडळींना एक आठवण करून देतो. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत तुमच्या आघाडीने वृद्धांचे निवृत्तिवेतन १,५०० वरून २,१०० करण्याचे वचन दिले होते. लाडकी बहीणच्या २,१०० ची चर्चा रोज होते, वृद्धांच्या २,१०० ची कोणी करत नाही. आणि महाविकास आघाडीच्या मंडळींना एवढेच, की एकवीस हजारांची अट तुमचे सरकार होते तेव्हाही होतीच. केंद्राकडून इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेत ८० वर्षांखालच्या माणसासाठी महिन्याला २०० रुपये येतात. २००७ मध्ये ही योजना या नावाने आली तेव्हाही २०० होते. तेव्हापासून दिल्लीत दोन्ही बाजूंची सरकारे येऊन गेली. त्यामुळे या विषयात एकमेकांकडे बोट दाखवण्यात वेळ घालवू नका, ही कळकळीची विनंती.

पेन्शन म्हटले की आपल्याकडे सरकारी नोकरांची जुनी पेन्शन डोळ्यांसमोर येते. मार्च २०२३ चा संप सगळ्यांना आठवतो. त्यांची मागणी त्यांच्या जागी. मला स्वतःला ईपीएस-९५ ची, म्हणजे भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाकडून मिळणारी पेन्शन आहे. एसटी, सूतगिरण्या, साखर कारखाने, सहकारी बँका इथे आयुष्य घातलेल्यांना तीच असते. किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये आहे, ती तिथेच आहे. किमान ७,५०० आणि महागाई भत्ता मिळावा म्हणून बुलढाण्यात डिसेंबर २०१८ मध्ये साखळी उपोषण सुरू झाले आणि ते वर्षानुवर्षे चालले. तो लढा दिल्लीशी आहे, म्हणून या पत्रात वाढवत नाही. तुमचे खासदार गावात आले की त्यांच्या कानावर घाला.

आता जे पूर्णपणे तुमच्या हातात आहे ते सांगतो, कारण त्यासाठी ना मुंबईला जावे लागते ना दिल्लीला.

महिन्यातून एकदा, श्रावणबाळ-निराधारचे पैसे जमा झाल्याची बातमी फुटते त्या दिवशी, सकाळी नऊ वाजता बँकेच्या दारासमोर जाऊन उभे राहा. कोणती बँक ते सांगत नाही, आपल्या शहरात सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच आहे. दार उघडायच्या आधीच पन्नास-साठ म्हातारी माणसे रस्त्यावर बसलेली असतात. काही जण चपला रांगेत ठेवून भिंतीच्या सावलीला जातात. बँकेला सात पायऱ्या आहेत आणि त्यांना कठडा नाही. पायऱ्यांच्या खाली उघडी नाली, तिच्यावर एक फरशी टाकलेली, ती डुगडुगते. एका आजोबांना मी बघितले. त्यांनी आधी काठीने फरशी दाबून बघितली, मग एक पाय ठेवला, मग मागच्या माणसाचा खांदा धरून दुसरा. वर गेल्यावर अंगठा लागेना. विटांच्या भट्टीवर काम केलेला हात, रेषा उरलेल्याच नाहीत. कारकुनाने पुसून पुन्हा लावायला सांगितले, मग दुसरे बोट, मग दुसरा हात. शेवटी 'आधार अपडेट करून या' म्हणून परत पाठवले. २०२५ पासून हे पैसे डीबीटीने थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात. मधले हात कमी झाले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण ज्याचे खाते जोडलेले नाही किंवा ज्याची बोटे उमटत नाहीत, त्याला तो बदल समजावून सांगणारा माणूस कोणी नेमला नाही.

आणि त्या रांगेतल्या बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत. मी कारण विचारले तर एकीने पदर तोंडाशी धरून सांगितले, जायला जागा नाही. बाजारपेठेत बायकांसाठी एकही नीट मुतारी नाही. एसटी स्टँडवर आहे, ती बँकेपासून लांब आहे, आणि रांग सोडली तर नंबर जातो. तीन प्रभागांत ओपन जिम आहे, चौकाचौकांत कमानी आहेत, नेत्यांच्या नावाचे सभामंडप आहेत. बँकेसमोर बसायला एक बाकडे नाही.

बँकेसमोरचा रस्ता नगरपरिषदेचा आहे, नालीही नगरपरिषदेची आहे. नालीवर पक्का ढापा, पायरीपर्यंत उतार, पत्र्याचे शेड, चार-पाच बाकडी, पाण्याची टाकी आणि जवळच बायकांची स्वच्छ मुतारी, रोज झाडणाऱ्या माणसासकट. बँकेच्या पायऱ्यांना कठडा बसवायला शाखाधिकाऱ्यांना नगराध्यक्षांनी एक पत्र दिले तर ते नाही म्हणणार नाहीत. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीचा मोठा भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठीच बांधलेला आहे आणि त्या आयोगाचा काळ मार्च २०२६ पर्यंतचाच आहे. मुतारीचे काम त्यात बसते का, हे मुख्याधिकाऱ्यांकडून लेखी घ्या. उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो, उताराचे आणि कठड्याचे काम त्यातून होऊ शकते. माझी अट एकच आहे: त्या शेडवर कोणाचेही नाव आणि फोटो लावू नका.

यापुढे जाऊन नगरपरिषदेच्या इमारतीत तळमजल्यावर एक टेबल द्या. त्यावर एक कर्मचारी, एक संगणक. हयातीचा दाखला, आधार जोडणी, अर्जाची सद्यस्थिती, नामंजुरीचे कारण, एवढेच काम. जी माणसे अंथरुणाला खिळली आहेत त्यांच्या घरी महिन्यातून एकदा जाणे. प्रत्येक नगरसेवकाने आपल्या प्रभागातल्या पासष्टच्या पुढच्या माणसांची यादी करावी. मतदारयादी सगळ्यांकडे आहे, प्रचारात तुम्ही ती तोंडपाठ केली होती. त्यात वय लिहिलेले असते. कोणाला काय मिळते आणि कोणाचे काय थांबले, एवढे त्यासमोर लिहायचे आहे. यादी तयार करायला मी आणि माझ्यासोबत निवृत्त झालेले काही जण रोज संध्याकाळी दोन तास यायला तयार आहोत. यात मजूर संघटनेचे आहेत, शिक्षक आहेत, एक निवृत्त तलाठी आहेत. कोणत्याही पक्षाच्या नगरसेवकाने बोलवावे.

ठरावाचा मसुदा आणि बँकेसमोरच्या जागेचे हाताने काढलेले मोजमाप मी मुख्याधिकाऱ्यांच्या नावे आवक विभागात देऊन पोच घेतली आहे. येत्या सभेच्या विषयपत्रिकेत हे दोन्ही विषय घ्यावेत. सभेच्या दिवशी आम्ही प्रेक्षक गॅलरीत बसलेले असू, आमच्या गल्लीतल्या त्या बाईही येणार आहेत.

आपला,
एक निवृत्त एसटी कर्मचारी